पाण्यात चालतंय की, पण माशाला?

सांगलीत काय आणि साताऱ्यात काय, हार्डवेअरच्या दुकानात एखादी चिकटवणीची नळी उलटसुलट करत विचारा, "हे पाण्यात चालेल का हो?" उत्तर ठरलेलं असतं. "चालतंय की! टाकीला लावा, पाइपाला लावा." दुकानदार खोटं बोलत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची गळकी टाकी असते. आपल्या डोळ्यांपुढे मात्र अडीचशे लिटरची काचेची पेटी असते, तिच्यात खारं पाणी, दोन क्लाउनफिश, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी आणि महिन्याभरात दोनदा ढासळलेला दगडांचा ढीग. पाण्यात टिकणं आणि पाण्यातल्या जिवाला न मारणं हे दोन वेगळे गुण आहेत. नळीवर मोठ्या अक्षरांत पहिलाच छापलेला असतो.

मुळात घाटमाथ्यावर समुद्राचा टँक कोण ठेवतो, असं कुणी विचारेल. ठेवणारे आहेत. सांगलीकराला समुद्र गाठायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी, कराडकराला कुंभार्ली उतरून चिपळूणच्या पलीकडे. खारं पाणी तिथून कॅनमध्ये भरून आणण्यापेक्षा आरओच्या पाण्यात तयार मीठ विरघळवणं बरं पडतं. लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार आणि घनता १.०२५ झाली की समुद्र घरात आला. वाळवा-मिरजेकडच्या शेतकऱ्याला क्षार म्हटलं की उसाच्या पट्ट्यातली क्षारपड जमीन आठवते. पैसे मोजून पाण्यात मीठ कालवणारा माणूस त्याला येडाच वाटणार.

दगड नुसते रचून ठेवले तर काय बिघडतं? मासे दगडाखालची वाळू उकरतात, शंख आणि समुद्री साळू अंगाच्या जोराने दगड ढकलतात, काच पुसताना आपलाच हात लागतो. पाच किलोचा दगड घरंगळून काचेवर आला तर रात्री दिवाणखान्यात अडीचशे लिटर खारं पाणी होतं. शिवाय माशांना लपायला गुहा हव्यात आणि आपल्याला बघायला कमान हवी. कमान म्हटली की सांधा आला.

त्याआधी दगड कोणता, हे बघावं लागतं. परदेशी पुस्तकांतून दिसणारा 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक जुन्या प्रवाळांचे सांगाडे. आपल्याकडे खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीत. मालवणच्या किनाऱ्यावरून 'एवढासा तुकडा' पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे, तो तुकडा मेलेला असला तरी. त्यामुळे उरतात ते कारखान्यात बनवलेले चुनखडी-सिमेंटचे सच्छिद्र दगड, नाहीतर आपल्या पायाखालचा काळा दगड. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर बसलेले आहेत. हा बेसॉल्ट पाण्यात फारसं काही सोडत नाही. गुळगुळीत फत्तरापेक्षा वायूचे बुडबुडे अडकून भोकं पडलेला दगड चांगला, कारण चिकटवणीला धरायला जागा मिळते आणि पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जिवाणूंना राहायला. त्या भोकांत पांढऱ्या स्फटिकांचे गेंद दिसले तर ते बहुधा झिओलाइट. गोड्या पाण्यात ते अमोनिया शोषतात. खाऱ्या पाण्यात सोडियमचीच इतकी गर्दी असते की अमोनियाला फारशी जागा उरत नाही. शोभा म्हणून ठेवायला हरकत नाही. कास-पाचगणीकडचा जांभा मात्र मी टँकमध्ये घालणार नाही. तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा, झिजणारा, आणि लाल भुकटी सोडत राहणारा. क्रशरवरून दगड आणलात तर ब्रशने घासून, दोन-चार बादल्या पाणी बदलून धुवा. जगातली कुठलीही चिकटवण दगडाला चिकटण्याआधी त्यावरच्या धुळीला चिकटते.

दगड न चिकटवताही उभा राहतो, हे आपल्या भागात वेगळं सांगायची गरज नाही. जुन्या महाबळेश्वरच्या देवळासारख्या हेमाडपंती बांधणीत दगड दगडाच्या खाचेत बसतो आणि वरचा भार त्याला जागेवर धरून ठेवतो. वाईचा ढोल्या गणपती १७६२ मध्ये बांधला. त्याच्या मागच्या भिंतीला माशासारखा निमुळता आकार दिला, कृष्णेचा पूर तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. पाण्याचा मारा सोसायचा तर आधी आकार सुधारायचा, मग दर्जा भरायच्या, हा गवंड्याचा क्रम. टँकवाल्यांचा क्रम नेमका उलटा असतो. दगड कसेही टेकवायचे आणि डुगडुगले की वर लांबी थापायची. माझा साधा नियम असा: कोरड्या पेटीत, खाली वाळू नसताना, दगड तीन ठिकाणी टेकून स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे. टेबलाला धक्का दिला तरी पडता कामा नये. त्यानंतर चिकटवण. पहिला थर थेट तळाच्या काचेवर, किंवा काचेवर ठेवलेल्या ॲक्रिलिकच्या पट्टीवर. वाळू सगळ्यात शेवटी, म्हणजे उकरणाऱ्या माशाला पाया पोखरता येत नाही.

आता चुना. खाऱ्या पाण्यात दगड सांधण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रयोग शिवकालीन जलदुर्गांचा. मुरुडसमोरच्या पद्मदुर्गाच्या तटाला हात लावून पाहिलेला माणूस ते विसरत नाही. लाटांनी दगड आतपर्यंत खाल्ला आहे आणि दोन दगडांमधला चुना कडांसारखा पुढे उभा आहे. भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. सांधा टिकला, दगड झिजला. हे पाहून कुणालाही वाटावं, टँकमध्येही चुनाच वापरू. रसायनही तेच सांगतं. विरलेला चुना हवेतला कार्बन डाय ऑक्साइड घेत घेत कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि प्रवाळाचा सांगाडाही कॅल्शियम कार्बोनेटचाच. इतकंच कशाला, १९७० च्या दशकापासून युरोपातले टँकवाले प्रवाळांना कॅल्शियम मिळावं म्हणून ज्या पाण्याचे थेंब सोडतात, ती आपल्या आजीची चुन्याची निवळी. पण सांध्यासाठी चुना अवघड आहे. साधा चुना पाण्याखाली आवळतच नाही, त्याला हवा लागते आणि वर्षं लागतात. विटांची सुरखी घातली की तो पाण्यातही धरतो. पण चुन्याच्या घाणीत मळताना जुने कारागीर गूळ, बेलफळाचा गर, उडीद, हिरडा असलं काय काय घालत. किल्ल्याला ते मानवलं. अडीचशे लिटरच्या पेटीत तो गूळ म्हणजे जिवाणूंना जेवणाचं आमंत्रण, आणि ते जेवायला बसले की पाण्यातला प्राणवायू संपवतात. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. तो धडा तर पेटीपासून चार हात लांबच ठेवावा. अरबी समुद्राएवढं पाणी असेल तर शिसं पचतं.

चुन्याचा धाकटा भाऊ सिमेंट. इंग्लंडात १८२४ मध्ये पेटंट घेतलेलं पोर्टलँड सिमेंट आज गावोगाव मिळतं, स्वस्त आहे, आणि मोठ्या कमानीसाठी त्याच्यासारखा दुसरा सांधा नाही. त्याचा दोष एकच, पण मोठा. सिमेंट घट्ट होताना मोकळा चुना सुटतो आणि आसपासच्या पाण्याचा सामू बारा-तेरापर्यंत चढतो. टँकचा सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान लागतो. म्हणून सिमेंटचा सांधा टँकच्या बाहेर करायचा, सुरुवातीला गवंडी मारतो तसं पाणी मारायचं, आणि मग तो पिंपात बुडवून पाणी बदलत राहायचं. दर आठवड्याला सामू मोजायचा. सामान्यतः चार ते सहा आठवडे जातात, जाड सांध्याला जास्त. घाई करणाऱ्याने हा मार्ग धरू नये. वॉटरप्रूफिंगचे द्राव, टाइल चिकटवण्याची तयार पावडर, रंगाची भुकटी यातलं काहीही सिमेंटमध्ये घालू नये. गोणीवर लिहिलेलं वाचून त्यात नेमकं काय आहे ते कळत नाही, आणि कळलं नाही ते टँकमध्ये घालायचं नाही.

इपॉक्सीवर थोडं रेंगाळायला हवं, कारण तिचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचं धरण, काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवून बांधलेलं. ते उभं राहिलं, पण पाठीमागचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास दोन्ही तोंडांवर आडव्या भेगा पडल्या. त्या भेगांत दाबाने इपॉक्सी रेझिन भरलं गेलं. त्यावेळी ही गोष्ट भारतात नवीन होती. इपॉक्सीचं अराल्डाइट हे नाव स्वित्झर्लंडात १९४६ मध्ये पुढे आलं, आणि वीस-बावीस वर्षांत तेच रसायन सह्याद्रीतल्या दगडांची भेग धरायला आलं. पण अभियंते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पोलादी केबल ताणून धरणाला आवळलं आणि पुढे उंच भागांच्या मागे काँक्रीटचे भक्कम टेकू बांधले. भेग इपॉक्सीने बुजवली, भार टेकूवर दिला. टँकमधल्या एमसीलच्या, म्हणजे इपॉक्सीच्या लांबीच्या, गोळीकडून आपण बरेचदा टेकूचं काम मागतो आणि ती निसटली की रागावतो.

इपॉक्सीची लांबी दोन भागांची असते, रेझिन आणि हार्डनर. दोन रंग मळून एक रंग झाला की काम सुरू करायचं. मळताना रंगाच्या रेषा राहिल्या तर तेवढा भाग कधीच पूर्ण आवळत नाही, आणि विष असतं ते त्या न आवळलेल्या भागातच. हार्डनरमधली अमाइनं पाण्यात उतरतात. पूर्ण घट्ट झालेली, धातूची भर नसलेली इपॉक्सी मात्र जवळजवळ निष्क्रिय असते. म्हणून प्रमाण सांभाळा. सुपारीएवढ्या गोळ्या, एका दिवसात दोन-तीनच. ताजी इपॉक्सी पडली की स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र, वेड्यासारखा फेस काढू लागतो, तेव्हा त्याचा कप एक-दोन दिवस काढून ठेवा आणि कार्बनची पिशवी लावा. जाड गोळा आवळताना तापतो, त्याला जिवाजवळ लावू नका. उन्हाळ्यात चाळिशीच्या सांगलीत मळलेली लांबी पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच हातात दगड होते, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की आवळण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. 'स्टील' असं लिहिलेली, पोलादाची भर असलेली लांबी घेऊ नका. तांब्याचं तर नावही नको. माशांच्या आजारावर लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं औषध म्हणून देतात, आणि तेवढ्यातच कोळंबी मरते.

बुळबुळीत ओल्या दगडाला ही लांबी फारशी चिकटत नाही, हे पहिल्यांदा हात घालणाऱ्याला सांगावं लागतं. ती भोकांत घुसून दाताने धरल्यासारखी धरते. म्हणून भोकांचा दगड घ्या, आणि लांबी वरून थापू नका, आत दाबा.

आता फेविक्विक. त्याचं मूळ रसायन सायनोॲक्रिलेट १९४२ च्या सुमारास अमेरिकेत कोडॅकच्या प्रयोगशाळेत हॅरी कूव्हर यांच्या हाताला लागलं. ते सगळ्याला चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं गेलं, बाजारात आलं १९५८ मध्ये. ते आवळतं पाण्यानेच, हवेतल्या ओलीनेसुद्धा, म्हणून टँकवाल्यांना ते देवाने दिल्यासारखं वाटतं. साधं पातळ घेतलं तर सच्छिद्र दगड ते पिऊन टाकतो. जेल घ्यावं. पाण्याखाली नेल्याबरोबर थेंबावर पांढरी कातडी धरते आणि आतला द्रव आतच राहतो. म्हणून दगड टेकवल्यावर किंचित फिरवून दाबावा, कातडी फाटली की खरा सांधा होतो. दगडाच्या बुडाला लावण्याआधी ते टिश्यूने टिपून घ्यावं. खाण्याचा सोडा भुरभुरला की ते क्षणात दगडासारखं होतं, कारण अल्कली या रसायनाला धावायला लावते. फर्निचरवाल्यांची ही युक्ती इथेही चालते, पण सोडा चिमूटभरच, नाहीतर पाण्याची अल्कलिनिटी हलते. कापसावर किंवा सुती चिंधीवर हे रसायन ओतू नका, ते इतकं तापतं की धूर निघतो. डोळ्यांत वाफ जाते, तेव्हा पेटीवर वाकून काम करू नका. बोटं चिकटली तर नेलपेंट रिमूव्हर वापरा, पण हात धुऊनच पेटीत घाला.

जेलचा दोष म्हणजे ठिसूळपणा. सरळ खेचलं तर धरतं, बाजूने ढुशी बसली तर तुटतं. लांबीला ढुशीची भीती कमी, पण ओल्या दगडाला ती पटकन धरत नाही. दोघांना एकत्र आणलं की काम होतं. दगडाला जेल, त्यावर लांबीची गोळी, तिच्यावर पुन्हा जेल, मग दुसरा दगड. माझ्या मते घरच्या टँकसाठी याहून भरवशाचं, पैशालाही परवडणारं काही नाही. मोठ्या सांध्यात आरपार भोक पाडून फायबरग्लासची किंवा ॲक्रिलिकची सळी घाला. लोखंडी सळी काही महिन्यांत गंजते, आणि गंजताना फुगून दगडच फोडते.

सिलिकॉनबद्दल फार सांगायला नको. काच काचेला जोडायला ते उत्तम, आपल्या पेट्या त्याच्यावरच उभ्या असतात. दगडावर ते रबरासारखं हलतं आणि धुळीवर सुटतं. लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं साधं घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. बाथरूमसाठीचं, 'बुरशीरोधक' असं लिहिलेलं मात्र नको, बुरशीला मारणारं औषध कोळंबीला ओळखून सोडत नाही. मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानात मिळणारी चिकट पेस्ट बहुधा पॉलिएस्टरची असते, तिच्यातून स्टायरीन सुटतं आणि खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात ती वर्षानुवर्षं टिकत नाही. दुकानदार म्हणेल, "दगडाचीच आहे की." ओट्याच्या दगडाची आहे, एवढंच त्याचं म्हणणं. हॉट ग्लू हातातला दगड दहा मिनिटं धरायला ठीक. पीव्हीसी पाइपाचं सोल्युशन दगडाला लावणारेही मी पाहिलेत. त्यावर काय बोलणार!

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या हिशेबात येत नाही. पाण्यात दगड हलका होतो. दहा किलोचा बेसॉल्ट खाऱ्या पाण्यात साडेसहा किलोच्या आसपास भरतो, सच्छिद्र दगड तर आणखी कमी. म्हणून पेटी भरलेली असताना सहज उभी राहणारी कमान पाणी बदलायला अर्धी रिकामी केली की तुटते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी चिकटवणीला शिव्या दिल्या. दोष पाण्याचा होता, म्हणजे नसलेल्या पाण्याचा. तेव्हापासून मी प्रत्येक कमान कोरड्यात, सगळ्यात जड अवस्थेत, एक रात्र उभी ठेवतो.

तपासणीसाठी दुकानाच्या शब्दापेक्षा बादली बरी. पाच लिटर खारं पाणी, एक हवेचा पंप, चिकटवण लावून वाळवलेला दगड आणि दोन-तीन स्वस्त समुद्री शंख. आठवडाभर शंख भिंतीला चिकटून चरत राहिले तर चिकटवण पास. वर चढून पाण्याबाहेर निघायला लागले, किंवा तळाशी पाय आत ओढून पडले, तर ती नळी परत हार्डवेअरच्या कपाटात, गळक्या टाकीसाठी.

सांधा कधीतरी सोडवावाही लागतो. आजारी जीव काढायचा असतो, पेटी बदलायची असते, किंवा नुसता कंटाळा आलेला असतो. जेलचा सांधा छिन्नीच्या एका टोल्याने सुटतो आणि दगडावर पांढरा ठसा राहतो. लांबीचा सुटताना दगडाची कपची घेऊन येतो. सिमेंटचा बरेचदा सुटतच नाही, दगडच सांध्याच्या बाजूला फुटतो. पद्मदुर्गावर समुद्राने साडेतीनशे वर्षांत केलं, ते माझ्या छिन्नीने गच्चीवर दोन मिनिटांत केलं होतं. सिमेंट तसंच राहिलं आणि सगळ्यात देखणा दगड दोन तुकड्यांत बादलीत पडला.